सगळ्यांच्या फोनात उघडणारं पुस्तक

बाई एका वेळी तीनच शब्द वाचायच्या. शब्द लांबलचक असला तर दोन. टॅबवरचं अक्षर त्यांनी इतकं मोठं केलेलं असायचं की समोरच्या ओट्यावर बसलेल्या माणसालाही वाचता यावं. बोट फिरवलं की तीन शब्द, पुन्हा फिरवलं की पुढचे तीन. संध्याकाळी मी कॉलेजातून यायचे आणि विचारायचे, "बाई, चहा ठेवू का?" त्या बोट तसंच उचलून धरायच्या आणि म्हणायच्या, "थांब. 'परंतु'वर उभी हाय मी. परंतुच्या पुढं काय हाय ते बघते, मंग ठेव."

परभणीत त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायचे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली होती. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी झरीच्या आसपासच्या आणि गंगाखेडकडच्या खेड्यांत काढलेली. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. आता त्या नाहीत, त्यामुळे तो प्रश्न तसाच राहिला.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझी जात विचारली नाही, मटण-मच्छी खातेस का विचारलं नाही. नुसता हात पुढं केला. "फोन दे."

मी घाबरून दिला.

"ह्याच्यात पुस्तकं हायेत का?"

"आहेत ना. पीडीएफ आहेत बरीच."

त्यांनी त्यातलं एक उघडायला लावलं. दोन बोटांनी अक्षर फाकवून मोठं केलं, तशी अर्धी ओळ काचेच्या बाहेर गेली. ती बघायला त्यांनी पान डावीकडं ओढलं, मग दुसऱ्या ओळीसाठी परत उजवीकडं, पुन्हा डावीकडं. चार ओळी झाल्यावर फोन माझ्या हातात ठेवला.

"ओळीच्या टोकाला जायचं, मंग फिरून दुसऱ्या ओळीच्या मुळाला यायचं. हे वाचणं न्हाई पोरी, ही नांगरट हाय. बैलाला तरी नांगराच्या तासाच्या टोकाला कुणी पाणी दाखवतं. खोली घे तू. पण ग्रंथालयात नोकरी करून असली पुस्तकं बाळगतीस, त्याची जरा लाज धर."

त्यांचं बोलणं असं होतं. शाळेत असेपर्यंत त्या एकदम शुद्ध बोलायच्या म्हणे, पुस्तकातल्यासारखं. "ते सरकारचं बोलणं होतं," म्हणायच्या. "नोकरी संपली, ते जमा करून टाकलं. आता आपलं काढलंय."

त्यांचं म्हणणं साधं होतं. कागदाचं पुस्तक ताठ असतं, त्याला इलाज नाही. पण फोनातलं पुस्तक वाकलं पाहिजे. वाचणाऱ्याचा डोळा जसा असेल तसं, हातातली काच जेवढी असेल तेवढं. लहान काच असली तर ओळ लहान व्हावी, डोळा अधू असला तर अक्षर मोठं व्हावं, आणि तरी एक शब्द इकडचा तिकडं होऊ नये. "पानाचा फोटो काढून ठेवला म्हणजे पुस्तक झालं व्हय? मयताचाबी फोटो काढून ठेवतेत."

त्यांच्या खाटेवर तीन वस्तू कायम असायच्या. पुण्याच्या भाच्यानं पाठवलेलं एक ई-रीडर, एक टॅब आणि त्यांचा फोन. तिघींना त्यांनी नावं ठेवली होती. ई-रीडर म्हणजे सोवळी. ती फक्त तिच्याच दुकानातून घेतलेली पुस्तकं सुखानं उघडायची. "ही आपल्याच चुलीवरचं खाती. दुसऱ्याच्या घरून आणून वाढलं की तोंड फिरवती." टॅब म्हणजे थोरली, समजूतदार, पण सारखी चार्जिंगला लावावी लागणारी. आणि फोन म्हणजे चटोरी. "मिळंल ते गिळती, आन् मंग निम्मं बाहेर काढती."

कधीकधी तिन्हींत एकच पुस्तक, एकच पान उघडून त्या मला बोलवायच्या. एकीत कवितेच्या ओळी एकमेकींना चिकटून परिच्छेद झालेला असायचा. दुसरीत ठीक. तिसरीत मथळाच गायब. "एकाच आईच्या लेकी," त्या म्हणायच्या, "आन् एकीचंबी तोंड दुसरीसारखं न्हाई. आता खरी आई कशी होती, कसं सांगावं?" हे त्या हसत म्हणायच्या.

प्रकाशकांना फोन करणं हा त्यांचा संध्याकाळचा उद्योग. पुस्तकाच्या आतल्या पानावरचा नंबर मला वाचायला लावायचा आणि फोन लावायचा. "मी परभणीहून बोलायले. तुमचं पुस्तक इकत घेतलं. उघडलं तर त्याच्यात अक्षरं न्हाईत, चौकोन हायेत. मी चौकोन वाचू का?" पलीकडचा माणूस म्हणायचा, मॅडम, तुमच्या डिव्हाइसचा प्रॉब्लेम असेल. "मंग इकायच्या आधी इचारायचं की, बाई, तुमचा डिव्हाइस कोणता हाय म्हणून. चप्पल इकणाराबी पायाचं माप बघतो." तो फोन ठेवून द्यायचा. बाई पुन्हा लावायच्या. गल्लीतले लोक म्हणायचे, बाईंचं डोकं जरा सरकलंय.

डोकं जागेवर होतं. डोळे जात होते. साखरेनं डोळ्याच्या पडद्याला भोकं पाडली आहेत आणि ती बुजणार नाहीत, असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायला मी दोनदा त्यांच्यासोबत गेले. परतीच्या गाडीत डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाई म्हणाल्या, "भिताडाला घुशी लागल्यासारखं झालंय. बाहेरून घर उभं दिसतं." मग म्हणाल्या, "एक पुस्तक वाचायचं राहिलंय बघ. माझंच."

ते पुस्तक मला माहीत होतं. आमच्या ग्रंथालयात नव्हतं, पण त्यांच्या कपाटात एक प्रत होती. नोकरीच्या गावांतल्या बाया निंदताना, खुरपताना, कापूस वेचताना ज्या गोष्टी सांगायच्या, त्या बाईंनी बसून ऐकल्या होत्या आणि त्या बायांच्याच बोलीत लिहून छापल्या होत्या. छापणारा प्रकाशक केव्हाच धंदा बंद करून गेला. प्रती संपल्या. राहिलेल्या प्रतीतलं अक्षर बाईंना आता खसखशीसारखं दिसायचं.

त्यातल्या सगळ्यांत चांगल्या गोष्टी गयाबाईच्या होत्या. झरीच्या पुढच्या एका खेड्यातली ही बाई. तिच्या गोष्टीत राजा-राणी नसायची. हरवलेली शेळी असायची, आटलेली विहीर असायची, माहेरचा रस्ता विसरलेली लेक असायची. गयाबाई वारली होती. तिची मुलगी सुमन चौथीपर्यंत बाईंच्या वर्गात होती. मग आईबापाबरोबर ऊसतोडीला जायला लागली आणि शाळा सुटली. लग्न झालं तेही ऊसतोडीच्याच घरात. पण बाई तिच्याबद्दल बोलताना ती अजून चौथीतच असल्यासारखं बोलायच्या. "धडा वाचायला उभी केली की समदा वर्ग गप. थांबायची न्हाई पोरगी. पूर्णविरामालाबी थांबायची न्हाई."

तर बाईंना हे पुस्तक फोनात घालायचं होतं. स्वतःला वाचता यावं म्हणून आणि सुमनला वाचता यावं म्हणून. मी एकदा म्हणाले, "आपण पुन्हा छापून घेऊ ना थोड्या प्रती."

"आन् ती ठिवंल कुठं? उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत कागद टिकतो का? पाऊस, उंदरं, चुलीचा धूर. फोन मातर तिच्या कमरंला असतो. तिच्या आईची गोष्ट तिच्या कमरंला पाहिजे."

बाजारात एक म्हातारे डीटीपीवाले होते. त्यांनी त्या काळी हे पुस्तक जुळवलेलं, आणि नवल म्हणजे त्यांच्याकडं त्याची सीडी निघाली. मी ती कॉलेजच्या कॉम्प्युटरवर लावली आणि कपाळाला हात लावला. पडद्यावर एकही मराठी अक्षर नव्हतं. नुसता इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, डॉलरच्या खुणांचा भुगा. जुन्या काळचे फॉन्ट तसेच होते. मुळात अक्षर इंग्रजी, वरून दिसायला मराठी. तो फॉन्ट गेला की मराठीही गेलं. घरी येऊन बाईंना हे समजावलं तेव्हा त्या खूप हसल्या. मला आठवतं, त्यांचं तसं हसणं मी नंतर फारसं ऐकलं नाही. "म्हंजे मडमांना लुगडी नेसवली होती म्हण. आता लुगडं फिटलं आन् आतली मडम बाहेर आली."

एका सॉफ्टवेअरनं त्या भुग्याचं पुन्हा मराठी केलं. पण ते करताना वाटेत बरंच सांडलं. 'ऱ्य'मधली ती डोक्यावरची नाही, पोटातली चंद्रकोर असते ना, ती सगळीकडची गळून पडली आणि तिथं रफार आला. गयाबाईच्या गोष्टीतली बाई शेळी शोधत दऱ्यांतून हिंडते, ती आता दर्यांतून हिंडायला लागली. मी ते वाचून दाखवलं. बाई ताडकन उठून बसल्या.

"दर्या? समुद्र? परभणी जिल्ह्यातल्या बाईला समुद्रात ढकललं ह्यांनी?"

कॉम्प्युटरनं 'न्हाई', 'हाय', 'करायली', 'जायलाव' अशा प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ ओढली होती. पानंच्या पानं लाल. बाईंना रेघा धूसर दिसायच्या, पण रंग कळायचा. "समद्या बाया नापास केल्या की गं ह्यानं," त्या म्हणाल्या. एवढंच.

मी छापील प्रत मोठ्यानं वाचायचे, त्या टॅबवर तीन-तीन शब्द बघत यायच्या. एक उन्हाळा आणि एक पावसाळा आमचा असा गेला. सुरुवातीला त्या चूक माझ्याआधी पकडायच्या. पावसाळ्याच्या शेवटी टॅब मांडीवर असायचा, पण बोट फिरत नसायचं. त्या पाठ असलेल्या पुस्तकावरून चुका काढत होत्या. ते माझ्या लक्षात आलं होतं. तरी मी छापील प्रत वाचत राहिले.

पुस्तकाची फाइल नियमाप्रमाणं बनली आहे की नाही, हे तपासणारा एक प्रोग्राम असतो. फाइल टाकली की तो चुकांची यादी देतो. बाईंनी त्याचं नाव दिपोटी ठेवलं. त्यांच्या लहानपणी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला तसंच म्हणायचे. रोज विचारायच्या, "दिपोटी काय म्हणला?" शेवटी एके दिवशी तो काही म्हणाला नाही. एकही चूक नाही. मी आनंदानं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "दिपोटीनं पास केलेली पोरं बघितलीत मी. साहेब गेला की त्यांना पाटीवरचं वाचता यायचं न्हाई. आता लोकांच्या फोनात घालून बघ."

आणि मग दारात येईल त्याच्या फोनात ते पुस्तक जायला लागलं. दूधवाला, गॅसवाला, मीटर बघायला येणारा, समोरची नवी सून. "चार ओळी वाच आन् जा." गॅसवाला म्हणायचा, बाई, उशीर व्हायलाय. "सिलिंडर पळून जात न्हाई. वाच." तो दारात उभा राहून शेळीची गोष्ट वाचायचा. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दूध मापता मापता विचारलं, "बाई, शेळी सापडती का शेवटी?" बाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ह्यांना काही नको.

सगळ्यांच्या फोनात ते बरोबर उघडलं. मी म्हणाले, छोटासा कार्यक्रम करू, कॉलेजात करू. बाईंनी मान हलवली. "आधी सुमन. तिच्या फोनात गेलं म्हंजे निघालं पुस्तक. मंग तुमचे हार-नारळ."

दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. आम्ही एसटीनं झरीला गेलो आणि तिथून रिक्षा केली. बाईंनी माझा दंड धरलेला. तोवर त्यांना उजेड कळायचा, माणूस आडवं आलं तर सावली कळायची, बस.

सुमनच्या दारासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली भरणं चाललं होतं. भांडी, ताडपत्री, बाजेचे पाय, कोंबड्यांची पाटी. सुमन माझ्याहून थोडीच मोठी असेल, पण हात म्हातारीचे होते. तिनं पळत येऊन बाईंच्या पायावर डोकं ठेवलं.

"बाई! तुमी कामून आलाव एवढ्या दूर? सांगावा धाडला असता तर मीच आले असते की."

"फोन दे," बाई म्हणाल्या.

तिचा फोन जुना होता, कुणाकडून तरी घेतलेला, काचेला तडा. त्यात पुस्तक वाचायचं कुठलंसं अ‍ॅप आधीपासून होतं. मी पुस्तक घातलं. मुखपृष्ठ नीट आलं, त्यावरचं गयाबाईचं नाव नीट आलं. मी फोन सुमनच्या हातात दिला. तेवढ्यात रिक्षावाल्यानं हाका मारायला सुरुवात केली. त्याला थांबायचं नव्हतं. त्याची समजूत घालायला मी बाहेर गेले.

परत आले तेव्हा दारातूनच आवाज ऐकू आला. बाईंचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. शुद्ध, कोरडा, वर्गातला.

"चौथीपर्यंत माझ्या हाताखाली होतीस तू. चार ओळी वाचता येत नाहीत?"

आत बाई एका गाठोड्यावर बसल्या होत्या. सुमन त्यांच्यासमोर उभी होती, दोन्ही हातांत फोन धरून, चौथीतल्या मुलीनं पुस्तक धरावं तसा. तिनं काच पदरानं पुसली. पुन्हा बघितलं. ओठ हलले, थांबले.

"लागंना बाई."

"काय लागेना?"

"अक्षर लागंना."

"तुझ्या आईची गोष्ट आहे ती सुमन. सगळं विसरलीस?"

सुमन खाली बघत म्हणाली, "इसरले वाटतं. ऊस तोडता तोडता गेलं असंल."

मी जाऊन तिच्या हातातून फोन घेतला. मुखपृष्ठ चित्र होतं, म्हणून ते नीट आलं होतं. आतलं पान मात्र मोडून पडलेलं. वेलांट्या आपल्या अक्षरांना सोडून ठिपक्यांच्या गोल कड्यांवर उभ्या होत्या. जोडाक्षरं फुटून त्यांचे पाय लोंबत होते. मध्येच चौकोन. पीएचडी झालेल्या माणसालाही त्यातली एक ओळ लागली नसती.

"बाई," मी म्हणाले, "हिचं काही चुकलेलं नाही. अक्षरंच मोडून आलीत ह्या फोनात."

"काय?"

"पुस्तक मोडलंय. सुमनला वाचता येत नाही असं नाही. हे कुणालाच वाचता येणार नाही."

बाईंनी हात पुढं केला. मी फोन दिला. त्यांनी तो डोळ्याजवळ नेला, आणखी जवळ नेला, नाक काचेला टेकलं. त्यांना नुसता उजेड दिसला असणार. फोन मांडीवर ठेवून त्यांनी हवेत चाचपडत सुमनचा हात शोधला.

"सुमे, तुझी चूक न्हाई गं. पुस्तकच मोडलं हाय."

सुमन हसली. पाहुण्याचं मन राखायला हसतात तशी. "असू द्या बाई. तुमी माझं मन राखायलाव."

"न्हाई गं. खरंच."

"मंग ह्यांचं नाव कसं वाचता येतं मला फोनमधी? भावाचं नाव येतं, मुकादमाचं येतं. फोन तर बरा हाय की."

मी समजावून सांगायला लागले. फोनची स्वतःची अक्षरं वेगळी, पुस्तकासोबत आलेली वेगळी, ते अ‍ॅप वेगळं. ती मान हलवत ऐकत होती. डॉक्टर बोलत असले की लोक हलवतात तशी मान. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. कुणीतरी तिला हाक मारली. तिनं घाईघाईनं बाईंच्या पदरात भुईमुगाच्या शेंगा ओतल्या, पाया पडली आणि गेली. ट्रॉलीत सामानावर बसून तिनं हात हलवला. मी बाईंना सांगितलं, ती हात हलवतेय. त्यांनीही हलवला, पण दिशा चुकली.

एसटीत झरी सुटेपर्यंत त्या पदरातल्या शेंगा चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "दिसत न्हवतं मला, आन् नापास तिला केलं."

दोष कुठं होता ते मी दोन-तीन दिवसांत शोधून काढलं. पुस्तक देखणं व्हावं म्हणून आम्ही त्यात एक सुंदर फॉन्ट घातला होता. सुमनच्या फोनातल्या त्या अ‍ॅपला त्या फॉन्टची अक्षरं जोडता येत नव्हती. दूधवाल्याच्या, गॅसवाल्याच्या फोनात येत होती. दिपोटीलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, कारण नियमानं त्यात काही वावगं नव्हतंच. मी फॉन्ट काढला, साधी फाइल केली आणि सुमनला पाठवली. किती दिवस तिचा फोन बंद होता. लागला तेव्हा मागं कोयत्यांचा आणि बायकांचा आवाज. "आलंय ताई. उघडलं न्हाई आजून. फुरसत कुठं." पुढच्या वेळी नवऱ्यानं उचलला. "ती म्हणती ऱ्हाऊ द्या. उगं तुमाला तकलीफ."

मी बाईंना म्हणाले, आपण गोष्टी तुमच्या आवाजात भरून पाठवू. ऐकेल ती काम करता करता.

"ऐकायला ती आईच्या मांडीवर ऐकतच होती की," बाई म्हणाल्या. "त्याला मी कशाला पाहिजे होते? मी तिला वाचायला शिकवलं होतं."

त्यानंतर प्रकाशकांना फोन बंद झाले. दारात आलेल्या कुणाकडंही त्यांनी फोन मागितला नाही. दूधवाल्यानं एकदा आपणहून विचारलं, नवीन काही हाय का बाई, तर त्यांनी फक्त पातेलं पुढं केलं. सोवळी, थोरली, चटोरी खाटेवरून कपाटात गेल्या. मी एकदा टॅब काढून त्यातल्या यंत्राच्या आवाजाला त्यांचं पुस्तक वाचायला लावलं. एक गोड, गुळगुळीत बाई 'न्हाई'वर अडखळत, 'करायली'चा भलताच उच्चार करत वाचायला लागली. बाईंनी थोडं ऐकलं. "ही कोण हाय? हिला आमचं बोलणं कळत न्हाई. बंद कर," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. सुमन नवऱ्याला दवाखान्यात दाखवायला परभणीला आली होती. त्याला दवाखान्याच्या रांगेत बसवून ती बाईंकडं आली. बाईंचे डोळे पुरते गेल्याचं तिला माहीत नव्हतं. ती पाया पडली आणि बाईंनी तिचा चेहरा हातांनी बघितला, तेव्हा तिला कळलं. तिला रडू आलं. बाई नाही रडल्या. त्यांनी ऊस कसा होता, फड कुठला होता, लेकरं कशी आहेत, सगळं विचारलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "तो फोन हाय का आजून?"

"तो मोडला बाई. ह्यांनी नवा घेऊन दिलाय."

मी तो फोन मागून घेतला. पुस्तक घातलं, उघडलं. एकेक अक्षर जिथल्या तिथं होतं. वेलांट्या नीट, जोडाक्षरं नीट, 'दऱ्यांतून'मधली चंद्रकोरसुद्धा नीट. मी चार-पाच पानं उलटून बघितली आणि मगच फोन सुमनच्या हातात दिला.

"बघ. आता सगळं बरोबर आलंय."

तिनं घेतला. काचेकडं बघितलं. तिचे ओठ हलतात का म्हणून मी बघत होते. ते हलले नाहीत. तिनं अक्षरांवर नजर टेकवलीच नाही. ओळखीच्या घरावरून खाली मान घालून जावं तसं तिनं पानावरून बघितलं आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

"मला न्हाई येत ताई वाचायला."

"अगं, तेव्हा फोनचा घोळ होता. आता वाचून तरी बघ. एकच ओळ."

"तवा बाईंच्या समोरच झालं की," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाईंना म्हाईत हाय."

खाटेवरून बाईंनी विचारलं, "उघडलं का गं?"

"हो बाई."

"समदी अक्षरं?"

"समदी."

बाई मान एका बाजूला कलती करून बसल्या. वर्गात मागच्या बाकावरचं कुणी हळू वाचत असलं की मास्तर करतात तशी. मग सुमन उठली आणि म्हणाली, "मी चहा ठेवते," आणि आत गेली. चहा तिनं चांगला केला. बाईंच्या हातात कप धरवला, बशी धरून बसली, पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

निघताना दारात तिनं मला बाजूला घेतलं.

"ताई, तेवढं ते पुस्तक काढून टाका फोनातलं. पोरगं चित्रं बघतं, जागा पुरत न्हाई म्हणतं."

पुस्तक कितीशी जागा घेतं, हे मी तिला सांगितलं नाही. दारातच उभी राहून मी ते काढून टाकलं. बाई आत खाटेवर आमच्याकडं तोंड करून बसल्या होत्या. मी काय करतेय ते त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं गेलं होतं. सुमन गेल्यावर मी आत आले, कप उचलले.